व्हिडिओखालची लिंक: दाबता येईल अशी, आणि आपलीच



आजचा मेसेज हवामानाचा नाही आणि फवारणीचाही नाही. आज मोबाईलचा पाठ आहे. मेसेज लांब आहे, म्हणून खाली 'आणखी वाचा' असं दिसलं की ते दाबा. आत्ता रानात असाल तर मेसेजवर बोट दाबून धरा, वर तारा दिसेल तो दाबून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा. घरात शाळा-कॉलेजातलं पोरगं-पोरगी असेल तर त्यांनाही शेजारी बसवा.

*हा पाठ कशासाठी?*

गेल्या हंगामात आपल्या एका सभासद ताईंनी स्वतःच्या हळद पावडरीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. कंद काढणी, शिजवणं, वाळवण, ड्रममधलं पॉलिश, मग दळण, सगळं नीट दाखवलं. व्हिडिओ लोकांना आवडला. बघणारे गावाबाहेरचे, पुण्या-मुंबईचेही होते.

पण ताईंचा फोन नंबर व्हिडिओच्या अगदी शेवटी, पाटीवर लिहिलेला, क्षणभर दिसायचा. खालची वर्णनाची जागा कोरीच होती. लोक कॉमेंटमध्ये विचारत राहिले, "ताई, भाव काय? कुठं मिळेल?" ताई रानात. कॉमेंट कुठे बघायच्या हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग एका तिसऱ्याच माणसाने तिथे कॉमेंट टाकली, "ऑर्डरसाठी या नंबरवर व्हॉट्सॲप करा." नंबर त्याचा स्वतःचा. गिऱ्हाइकांना वाटलं, हा ताईंचाच माणूस. दोघांनी आगाऊ पैसे पाठवले. हळद काही आली नाही. शेवटी त्यांनी कुठून तरी ताईंचा खरा नंबर मिळवला आणि त्यांनाच फोन करून बोल लावला. पैसे खाल्ले तिसऱ्याने, नाव खराब झालं ताईंचं.

यातून शिकायचं ते एकच. रान पडीक ठेवलं की गाजरगवत माजतं. व्हिडिओखालची जागा मोकळी ठेवली की तिथे दुसरा कुणीतरी आपला नंबर पेरतो. म्हणून आपली लिंक आपणच, पहिल्या दिवशी, योग्य जागी लावायची.

*१) दाबता येणारं आणि न येणारं*

व्हिडिओच्या चित्रात लिहिलेलं काहीही दाबता येत नाही. पाटीवरचा नंबर असो, पिशवीवर छापलेला पत्ता असो, की एडिटिंग ॲपमध्ये वरून टाकलेली अक्षरं असोत, फोनच्या लेखी ते नुसतं चित्र आहे. बघणाऱ्याने व्हिडिओ थांबवायचा, पेन शोधायचं, नंबर लिहून घ्यायचा. एवढं कुणी करत नाही.

व्हिडिओत क्यूआर कोड दाखवणारेही आहेत. पण ज्या फोनवर व्हिडिओ चाललाय त्याच फोनने तो कोड स्कॅन कसा करणार? कोड दुकानाच्या भिंतीवर किंवा पाकिटावर उपयोगाचा. मोबाईलवर बघणाऱ्याला दाबता येणारी लिंकच हवी.

काही जुन्या व्हिडिओंत माणूस सांगतो, "या चौकटीवर क्लिक करा." आपण दाबतो, काहीच होत नाही. आपल्या फोनचा त्यात दोष नाही. २००८ पासून यूट्यूबवर व्हिडिओवरच अशा चौकटी लावता यायच्या. पण त्या मोबाईलवर चालत नव्हत्या. २०१७ मध्ये नव्या चौकटी लावणं बंद झालं आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही काढून टाकल्या. त्यामुळे कुणी ती जुनी पद्धत शिकवत असेल तर सोडून द्या.

*२) आज लिंक लावायच्या जागा*

_पहिली जागा: वर्णन (डिस्क्रिप्शन)._ सगळ्यात महत्त्वाची हीच. इथे ५,००० अक्षरांपर्यंत मजकूर बसतो. पण फोनवर वर्णन मिटलेलं असतं आणि 'आणखी' दाबल्यावरच उघडतं. म्हणून दोन गोष्टी करा. लिंक अगदी वर ठेवा, पाच ओळींच्या नमस्कारानंतर नको. आणि व्हिडिओत तोंडाने सांगा, "खाली नावाशेजारी 'आणखी' दाबा, तिथे ऑर्डरची लिंक आहे." बोललं तरच लोक खाली बघतात.

_दुसरी जागा: पिन केलेली कॉमेंट._ आपल्याच चॅनलवरून आपल्या व्हिडिओवर कॉमेंट टाकायची, तिच्याशेजारचे तीन ठिपके दाबायचे आणि 'पिन' निवडायचं. ती कॉमेंट कायम सगळ्यांच्या वर राहते. ताईंच्या व्हिडिओवर अशी कॉमेंट असती, तर त्या भामट्याची कॉमेंट तिच्याखाली गेली असती आणि लोकांनी आधी खरा नंबर बघितला असता.

_तिसरी जागा: कार्ड._ व्हिडिओ चालू असताना वरच्या कोपऱ्यात छोटी पट्टी सरकत येते ती. एका व्हिडिओला ५ पर्यंत कार्डं लावता येतात. आपला दुसरा व्हिडिओ किंवा व्हिडिओंची यादी दाखवायला ती चांगली.

_चौथी जागा: शेवटचा पडदा (एंड स्क्रीन)._ व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दिसणाऱ्या चौकटी. त्यासाठी व्हिडिओ निदान २५ सेकंदांचा लागतो. तिथे आपला पुढचा व्हिडिओ आणि 'सबस्क्राइब'चं बटण लावता येतं. शूटिंग करतानाच शेवटी दहा-पंधरा सेकंद जादा घ्या, नाहीतर चौकटी तुमच्या तोंडावर येऊन बसतात.

कार्ड आणि शेवटचा पडदा यात एक मेख आहे. यूट्यूबच्या बाहेरच्या वेबसाइटची लिंक तिथे फक्त भागीदारी कार्यक्रमात (पार्टनर प्रोग्राम) घेतलेल्या चॅनललाच लावता येते. आपल्यापैकी बहुतेकांचं चॅनल लहान आहे. म्हणून त्यामागे लागू नका. वर्णन आणि पिन केलेली कॉमेंट एवढ्यावर आपलं नव्वद टक्के काम भागतं.

_पाचवी जागा: चॅनलचं पान._ तुमच्या चॅनलच्या नावाखाली कायमच्या लिंक लावता येतात. व्हॉट्सॲपची लिंक तिथे एकदा लावून ठेवा. कुणी नुसतं नाव शोधत आलं तरी त्याला रस्ता सापडेल.

*३) वर्णनात लिंक लावायची कशी?*

फोनमध्येच होतं, संगणक लागत नाही.

– यूट्यूब उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात 'तुम्ही' आहे ते दाबा, मग 'तुमचे व्हिडिओ'.
– व्हिडिओशेजारचे तीन ठिपके दाबा, 'एडिट' निवडा.
– 'डिस्क्रिप्शन'वर बोट ठेवा. पहिल्या ओळीत मराठीत लिहा, लिंक कशाची आहे ते.
– त्याच्याखालच्या ओळीत लिंक पेस्ट करा. आधी-नंतर एक जागा मोकळी सोडा. लिंकला चिकटून पूर्णविराम किंवा कंस देऊ नका.
– 'सेव्ह' दाबा.

लिंक टाइप करत बसू नका, कॉपी-पेस्ट करा. एक अक्षर चुकलं तरी ती भलतीकडे जाते. आणि लिंक पूर्ण हवी, म्हणजे सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरक्या रेघांसकट.

सेव्ह केल्यावर _दुसऱ्याच्या_ फोनवरून तो व्हिडिओ उघडून लिंक दाबून बघा. लिंक निळी दिसली आणि योग्य जागी गेली, तर काम झालं. निळी झालीच नाही, नुसती काळी अक्षरं दिसली, तर घाबरू नका. नव्या चॅनलवर बाहेरच्या लिंक निळ्या व्हायला यूट्यूब आधी ओळख पटवून मागतं. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये 'फीचर एलिजिबिलिटी' नावाचा भाग आहे. तिथे आधी फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो, आणि पुढच्या पायरीला ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ. ही पडताळणी फक्त यूट्यूबच्या आतूनच करायची. "तुमचं चॅनल व्हेरिफाय करून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या.

*४) व्हॉट्सॲपची लिंक*

गिऱ्हाइकाने लिंक दाबली की थेट आपल्याशी व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू व्हावं, नंबर सेव्ह करायचीही गरज पडू नये, अशी सोय आहे. लिंक अशी बनते: 'डब्ल्यूए डॉट एमई', मग तिरकी रेघ, मग ९१ आणि त्याला लागून दहा आकडी नंबर. हे सगळं इंग्रजी अक्षरांत.

यात लोक चार चुका करतात:
– ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह टाकतात. टाकायचं नाही.
– नंबरच्या आधी शून्य लावतात. लावायचं नाही.
– आकड्यांमध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ सोडतात. सोडायची नाही.
– मराठी कळफलकावरून आकडे टाकतात. या मेसेजमध्ये आपण मराठी आकडे छापलेत, पण लिंकमध्ये आकडे _इंग्रजी_ कळफलकावरूनच टाका.

हे जमत नसेल तर ऑफिसच्या नंबरवर 'लिंक' एवढा एकच शब्द पाठवा. तुमची तयार ओळ बनवून पाठवू, ती कॉपी करा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. लिंक लावली म्हणजे तो नंबर चावडीवर लागला. कुणीही, कधीही मेसेज करणार. म्हणून घरातल्या बाईमाणसाचा किंवा मुलीचा रोजचा नंबर तिथे टाकू नका. ऑर्डरसाठी वेगळं सिम ठेवा. ते शक्य नसेल तर कंपनीच्या ऑर्डर नंबरची लिंक लावा आणि शेजारी तुमचं नाव-गाव लिहा. आलेली ऑर्डर ऑफिस तुमच्याकडेच पाठवेल. ज्या भगिनींना नको तिथून, नको तसे मेसेज आले त्यांनी आम्हाला हे आधीच सांगितलं आहे.

*५) हव्या त्या मिनिटाला नेणारी लिंक*

आता शिकवणाऱ्या व्हिडिओंचं बघू. घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासायचा आपला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरणीलायक.

हा व्हिडिओ एकदा बघितलेल्या माणसाला पेरणीच्या तोंडावर फक्त शेवटचं मोजणं बघायचं असतं. त्याला परत सुरुवातीपासून बघायला लावलं की नेटही जातं आणि वेळही. त्यावर उपाय म्हणजे वर्णनात वेळा लिहून द्यायच्या. अशा:

०:०० ओळख
०:४० शंभर दाणे कसे निवडायचे
१:३० गोणपाटाची गुंडाळी
३:२० कोंब मोजणं आणि टक्केवारी

यूट्यूब या वेळा आपोआप निळ्या करतं. '३:२०' दाबलं की व्हिडिओ थेट तिथे जातो. खालच्या लाल पट्टीचेही तसे तुकडे पडतात. पण पट्टीचे तुकडे पडायला नियम आहेत: पहिली वेळ ०:०० च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा हवा. इथेही आकडे इंग्रजी कळफलकावरून.

एखाद्याला व्हॉट्सॲपवर नेमक्या जागेची लिंक पाठवायची असेल तर तीही बनते. यूट्यूबच्या 'शेअर'मधून लिंक कॉपी करा. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह आधीच असेल तर शेवटी 'अँड'चं चिन्ह (&), नसेल तर प्रश्नचिन्ह (?) टाका. मग इंग्रजी छोटं 'टी', बरोबरचं चिन्ह आणि सेकंद लिहा. तीन मिनिटं वीस सेकंद म्हणजे २०० सेकंद. मध्ये जागा सोडू नका. समोरच्याने दाबलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होईल. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याला, पाहुण्याला अशी लिंक पाठवा, त्याचा वेळ वाचेल.

*६) शॉर्ट्सचं वेगळं आहे*

उभा, छोटा व्हिडिओ म्हणजे शॉर्ट. तो जास्त लोक बघतात, म्हणून आपले तरुण सभासद तोच टाकतात. पण लक्षात ठेवा, ३१ ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक दाबता येणं बंद केलं आहे. फसवणुकीच्या लिंक फार झाल्या म्हणून. तिथे कितीही लिंक लिहा, ती नुसती अक्षरंच राहणार.

त्यावर वाट आहे. शॉर्टला 'रिलेटेड व्हिडिओ' जोडता येतो. म्हणजे शॉर्टवर आपल्याच मोठ्या व्हिडिओचं नाव दिसतं, ते दाबलं की मोठा व्हिडिओ उघडतो, आणि त्याच्या वर्णनात आपली लिंक असते. दोन पायऱ्या झाल्या, पण रस्ता आपलाच राहिला. म्हणून नुसते शॉर्ट्स टाकू नका. निदान एक मोठा, व्यवस्थित वर्णन असलेला व्हिडिओ चॅनलवर असू द्या.

*७) फाइल पाठवू नका, लिंक पाठवा*

हे सांगताना चूक आमची आहे हे आधी कबूल करतो. गेल्या खरिपाच्या तोंडावर कंपनीने बीजप्रक्रियेचा एक व्हिडिओ केला होता. बोलताना औषधाच्या प्रमाणाचा एक आकडा चुकला. दोन दिवसांनी एका सभासद काकांनीच डब्यावरचं लेबल वाचून लक्षात आणून दिलं.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओतलं बोलणं परत बदलता येत नाही. तुकडा कापून टाकता येतो, वर्णन बदलता येतं, दुरुस्तीची कॉमेंट पिन करता येते, आणि चूक मोठी असेल तर अख्खा व्हिडिओ काढून टाकता येतो. आपण वर्णनाच्या पहिल्याच ओळीत दुरुस्ती लिहिली, कॉमेंट पिन केली आणि चुकीचा तुकडा कापला. ज्यांच्याकडे _लिंक_ होती त्यांनी परत दाबली तेव्हा त्यांना दुरुस्त व्हिडिओच दिसला.

पण बऱ्याच जणांनी लिंक न पाठवता व्हिडिओची _फाइल_ डाउनलोड करून गटागटात पुढे पाठवली होती. त्या फाइलला कुणाचा हात पोहोचत नाही. फाइलबरोबर वर्णन जात नाही, दुरुस्ती जात नाही, कुणी बनवली हेही जात नाही. तो चुकीचा आकडा अजूनही कुठल्या तरी गावात फिरत असेल. तुमच्याकडे ती जुनी फाइल असेल तर आजच पुसून टाका.

म्हणून नियम करा: औषधाचं, खताचं, बियाण्याचं प्रमाण सांगणारा व्हिडिओ पुढे पाठवायचा तर लिंकच पाठवायची. आणि व्हिडिओत काहीही ऐकलं तरी शेवटी डब्यावरचं लेबल वाचायचं. लेबल आणि व्हिडिओ जुळले नाहीत तर थांबायचं आणि ऑफिसला किंवा कृषी सहायकांना विचारायचं.

*८) कॉमेंटची राखण*

उभ्या पिकाची राखण करतो तशी कॉमेंटचीही करायची. व्हिडिओ टाकल्यावर पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून एकदा बघा.

– कुणी आपला नंबर किंवा लिंक टाकली असेल तर तीन ठिपके दाबा, कॉमेंट काढा, 'रिपोर्ट' करा आणि त्या माणसाला चॅनलवरून लपवा.
– यूट्यूब स्टुडिओच्या कम्युनिटी सेटिंगमध्ये लिंक रोखायची सोय आहे. ती चालू केली की लिंक असलेली कॉमेंट तुम्ही बघून परवानगी देईपर्यंत दिसत नाही. पण नुसता फोन नंबर त्यातून निसटू शकतो, म्हणून डोळ्याने बघणं चुकत नाही.
– भाव विचारणाऱ्याला उत्तर द्या. "वर पिन केलेल्या कॉमेंटमधली लिंक दाबा" एवढंच लिहिलं तरी चालेल. उत्तर न दिलेली कॉमेंट म्हणजे भामट्याला आवतण.

पैशाच्या बाबतीत वर्णनात एक ओळ कायम ठेवा: "आम्ही कॉमेंटमधून पैसे मागत नाही." खाण्याचा माल विकत असाल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांकही वर्णनात लिहा. गिऱ्हाइकाला तो तपासता येतो आणि खरा-खोटा विक्रेता ओळखता येतो.

*९) दुसऱ्याची लिंक दाबण्याआधी*

लिंक लावायला शिकलो, तसं ती ओळखायलाही शिकलं पाहिजे. गिऱ्हाइकाला फसवणारा तोच माणूस उद्या तुम्हालाही लिंक पाठवणार.

– सरकारी योजनेची लिंक असेल तर वेबसाइटच्या नावाचा शेवट बघा. पहिली तिरकी रेघ येण्याआधी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असं संपायला हवं. नावात 'किसान' किंवा 'योजना' आहे एवढ्यावरून ती सरकारी ठरत नाही. नाव कुणीही ठेवतं.
– पीएम-किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल फिरवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार झाले आहेत. शेवटी 'एपीके' लिहिलेली फाइल व्हॉट्सॲपवरून आली तर उघडायची नाही. मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेली का असेना. त्याचाच फोन फसला असेल.
– लिंक अगदी आखूड, अर्थ न लागणारी असेल तर ती कुठे नेणार हे कळत नाही. दाबू नका. याच कारणाने आपल्या व्हिडिओखालीही अशी आखडलेली लिंक लावू नका, गिऱ्हाइकाला शंका येते.
– गिऱ्हाईक म्हणालं, "पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या," तर तो चोर आहे. यूपीआयवर पैसे _घ्यायला_ पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

फसवणूक झालीच तर लाजून बसू नका. ताबडतोब *१९३०* या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. ताईंच्या त्या दोन गिऱ्हाइकांनी कुणाला सांगावं या विचारातच दिवस घालवले.

*१०) वर्णनाचा नमुना*

हा जसाच्या तसा कॉपी करा आणि आपलं नाव-गाव घाला:

_हळद पावडर ऑर्डर करायला खालची लिंक दाबा (व्हॉट्सॲप उघडेल):_
_(इथे लिंक)_
_उत्पादक: नाव, गाव, तालुका. शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद._
_एफएसएसएआय क्रमांक: ..._
_आम्ही कॉमेंटमधून पैसे मागत नाही. दुसऱ्या कुणी नंबर दिला तर विश्वास ठेवू नका._
_०:०० शेत, १:०५ शिजवणं, २:१० वाळवण, ३:०० दळण (प्रत्येक वेळ वेगळ्या ओळीत लिहा)_

*या आठवड्याचा गृहपाठ*

ज्यांचा यूट्यूबवर एक तरी व्हिडिओ आहे त्यांनी तीन कामं करायची:
१. वर्णनाच्या पहिल्या ओळींत स्वतःची लिंक लावा.
२. तीच लिंक कॉमेंटमध्ये टाकून पिन करा.
३. शेजाऱ्याच्या फोनवरून दाबून बघा आणि व्हिडिओची लिंक ऑफिसच्या नंबरवर पाठवा.

ऑफिसमधून प्रत्येक लिंक दाबून बघू आणि चालते की नाही ते तुम्हाला कळवू. ज्यांचा व्हिडिओ नाही त्यांनी निदान ७ आणि ९ नंबरचा भाग घरात वाचून दाखवावा. फोन प्रत्येकाच्या हातात आहे, नुकसान कुणाचंही होऊ शकतं.

ताईंनी या वर्षी नवा व्हिडिओ टाकला आहे. वर्णनात पहिलीच ओळ ऑर्डरच्या लिंकची, तीच वर पिन केलेली, आणि रोज संध्याकाळी त्यांचा मुलगा कॉमेंट बघतो. गेल्या वर्षी फसलेल्या दोघांपैकी एका गिऱ्हाइकाने परत ऑर्डर दिली. त्याने आधी विचारलं, "नंबर तुमचाच ना?" ताई म्हणाल्या, "लिंक दाबून आलात ना? मग माझाच."

काही अडलं तर ऑफिसला फोन करा, नाहीतर सकाळी १० ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान फोन घेऊन या. समोर बसवून करून देऊ. हा मेसेज पुढे पाठवायला हरकत नाही, फक्त मध्ये दुसऱ्या कुणाची लिंक घालू नका.

*आपली शेतकरी उत्पादक कंपनी*
_सभासद माहिती विभाग_